गणिताचे शिक्षक अण्णासाहेब कर्वे

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें नांव निघालें कीं हिंगण्याचा आश्रम व महिला विद्यापीठ हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या या सुपुत्रानें पंचवीसहून अधिक वर्षें गणित शिकविलें, हें थोड्यांच्याच ध्यानीं असतें. भूमितीच्या तासास कोनांचें प्रकरण निघतांच ज्यांचीं तोंडें उतरतात, अशा आमच्या विद्यार्थ्यांस हीच बाजू सांगावी असें आम्हांस वाटतें.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं खेड तालुक्यांतील शेरवली येथें झाला. घर दापोलीजवळील मुरुड गांवीं. स्थिति गरिबीची. १८७५ सालीं एका सरकारी परीक्षेकरितां ते सोबत्यांसह साताऱ्यास पायीं निघाले. दिवस पावसाचे, मध्यें कुंभार्लीचा घाट, वाट शंभर मैलांहून अधिक. परीक्षेस सतरा वर्षें पुरीं लागत, आणि तीं पुरीं झालीं होतीं. पण मुलगा अंगानें किरकोळ. प्रमुख परीक्षकास तो सतरा वर्षांचा दिसेना, म्हणून त्यास परत पाठविण्यांत आलें. पुढील वर्षीं कोल्हापुरास जाऊन ते ती परीक्षा उतरले.

नंतर रत्नागिरीचें हायस्कूल, व पुढें मुंबईची रॉबर्ट मनी शाळा, ही मिशनची. १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले व १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून गणित घेऊन बी. ए. झाले. शिकवण्या करून ते आपला चरितार्थ चालवीत. मुंबईंत मराठा हायस्कुलाप्रमाणेंच मुलींच्या दोन शाळांतही त्यांनीं गणित शिकविलें. मुलींस गणित कशाला, असें म्हणणारे लोक तेव्हां घरोघर होते, हें येथें विसरूं नये.

त्या काळीं शाळेंतील भूमिति म्हणजे युक्लिड. एका रेषेवर दुसरी उभी केली तर लगतचे दोन कोन मिळून १८० अंश, हा पहिल्या पुस्तकांतील तेरावा सिद्धांत. दोन रेषा एकमेकींस छेदून एक कोन ५० अंशांचा झाला तर शेजारचा १३० अंशांचा. आणि समोरचा पुनः ५० अंशांचा. तो सारखा दिसतो म्हणून नव्हे. दोघांचा शेजारी एकच, आणि त्याच्यासह प्रत्येकाची बेरीज १८० अंश, म्हणून. हा पंधरावा सिद्धांत. समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन सारखे, हा एकोणतिसावा. मग त्रिकोणाच्या शिरोबिंदूंतून पायाशीं समांतर रेषा काढावी. पायाचे दोन्ही कोन वर येऊन शिरःकोनाच्या दोन अंगांस बसतात, व तिहींची बेरीज १८० अंश होते. कौलारू घराचीं दोन्ही पाखीं तुळईशीं ४० अंशांचा कोन करीत असतील तर आढ्याखालील कोन १०० अंशांचाच. तो मोजण्यास शिडी लावावी लागत नाहीं!

फळ्यावरील आकृति वांकडी निघाली व काटकोन ८० अंशांचा दिसला, तरी दिलेला काटकोन तो काटकोनच. साताऱ्याच्या परीक्षकानें नेमकें उलट केलें : दिलेलें टाकून दिसलेलें धरलें. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला त्यानेंच पुढें इतकीं वर्षें मुलामुलींस कारणें देऊन सिद्ध करण्याचें शास्त्र शिकवावें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

१८९० सालीं टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. पुढील वर्षीं गोखल्यांच्या आग्रहावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्रोफेसर झाले. टिळकांच्या तीव्र बुद्धीची सर त्यांस नव्हती, पण आमच्या मतें मंद विद्यार्थ्यास चिकाटीचा गुरुच अधिक मानवतो. बुद्धिमंतांसही तो मानवला : त्यांच्या छायेखालीं वाढलेले दापोलीकडील मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

१८९३ सालीं अण्णासाहेबांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरुडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांनीं मात्र १८९६ सालीं विधवांकरितां संस्था काढली व १९०० सालीं ती हिंगण्यास नेली. दिवसा कॉलेजांत गणित सांगावें आणि सायंकाळीं चिखल तुडवीत हिंगण्यास जावें, असा त्यांचा क्रम होता. १९१४ सालीं त्यांनीं कॉलेज सोडलें, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. शंभराव्या वर्षीं, १९५८ सालीं, त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं ते निवर्तले.