खैनी, धोतर आणि कॅन्सर : डॉ. खानोलकरांनी ८० वर्षांपूर्वीच हे कनेक्शन शोधलं होतं

चाकण, भोसरी, पिंपरी. कुठल्याही कंपनीच्या गेटबाहेर ब्रेक झाला की तळहातावर चुना-तंबाखू मळली जाते आणि ओठाखाली बार भरला जातो. बिहारहून आलेले कामगार त्यालाच खैनी म्हणतात.

या खैनीचं आणि खालच्या ओठाच्या आत होणाऱ्या कॅन्सरचं नातं १९४५ सालीच जगापुढे आलं होतं. ते मांडणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतकीय कुटुंबातला. लंडनला जाऊन त्यांनी १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. केलं. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

तेव्हा कॅन्सर हा पाश्चात्त्य देशांचा आजार, भारतीयांना तो फारसा होत नाही, असा समज होता. खानोलकरांनी समोर येणारे पेशंट मोजायला घेतले.

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. गाठ कुठे आहे, एवढं बघून ते थांबत नव्हते. हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही विचारलं जायचं.

त्यातूनच पुढच्या वर्षीचा पेपर आला. खैनी ठेवणाऱ्यांना ओठाच्या खाचेत कॅन्सर. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा. वर्षानुवर्षं कंबरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांना तिथल्या त्वचेचा. म्हणजे जिथे सवय, तिथे कॅन्सर.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. खारघरचं आजचं ॲक्ट्रेक याच संस्थेचा पुढचा अवतार.

१९५५ मध्ये एल. डी. सांघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबतचा त्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तंबाखू चघळणं आणि ओढणं यांचा तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कॅन्सरशी काय संबंध, हा त्याचा विषय. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर डॉल आणि हिल यांचा गाजलेला ब्रिटिश पेपर येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

कुष्ठरोगावरही खानोलकरांचं मोठं काम आहे. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

पण त्यांचा प्रश्न आजही संपलेला नाही.

इथिओपिया, केनिया, मलावी ते दक्षिण आफ्रिकेचा पूर्व भाग, असा एक पट्टा आहे. तिथे अन्ननलिकेचा कॅन्सर खूप आढळतो. पश्चिम आफ्रिकेत मात्र तो बराच कमी. केनियात तर तिशीच्या आतले पेशंटही दिसतात. एकट्या तंबाखूवर बोट ठेवून हे कोडं सुटत नाही. म्हणून संशोधक उकळता चहा, घरगुती दारू, चुलीचा धूर, बुरशी लागलेलं धान्य आणि अपुरा आहार, असं सगळं तपासत आहेत. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये संभाव्य कारणांच्या यादीत टाकलंय.

आपल्याकडे तंबाखू, बिडी आणि दारू ही कारणं पक्की माहीत आहेत. ओढणं आणि पिणं एकत्र आलं की अन्ननलिकेचा धोका आणखी वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण चुना-तंबाखूची पुडी टपरीवर मिळतेच.

या कॅन्सरचा खरा घात उशिरा कळण्यात आहे. आधी भाकरी-चपातीचा घास अडकतो, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. तोपर्यंत नळी बरीच अरुंद झालेली असते आणि आजार पसरलेला असू शकतो. अनेकजण ॲसिडिटी समजून गोळ्यांवर महिने काढतात. लवकर सापडला तर ऑपरेशन, रेडिएशन आणि केमोने बरं होण्याची शक्यता वाढते.

त्यामुळे घास वारंवार अडकत असेल, वजन उगाच उतरत असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट न बघता डॉक्टरांना गाठा आणि एंडोस्कोपीबद्दल विचारा. काय खाता, काय ओढता, किती पिता, हेही त्यांना खरं सांगा.