मास्टर विनायक

विनायक दामोदर कर्नाटकी ऊर्फ मास्टर विनायक (जन्म : कोल्हापूर, १९ जानेवारी १९०६, मृत्यू : मुंबई, १९ ऑगस्ट १९४७) हे मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेते, दिग्दर्शक व निर्माते होते. पौराणिक आणि ऐतिहासिक कथानकांत रमलेल्या मराठी बोलपटाला खेळकर सामाजिक विनोदाकडे वळवण्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. अभिनेते बाबूराव पेंढारकर व छायाचित्रकार वासुदेव कर्नाटकी हे त्यांचे बंधू, तर व्ही. शांताराम हे मावसभाऊ होत.

== कारकीर्द ==
प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात त्यांनी नारदाची भूमिका केली. पुढे ते कोल्हापूर सिनेटोनमध्ये गेले व तेथे 'विलासी ईश्वर' (१९३५) हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. १९३६ साली बाबूराव पेंढारकर व छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी हंस पिक्चर्सची स्थापना केली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया' (१९३६) ही शोकांतिका हे या संस्थेचे पहिले चित्र होय.

विनायकांची खरी ओळख मात्र प्र. के. अत्रे यांच्या लेखणीची साथ मिळाल्यावर झाली. 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात त्यांनी औदुंबर या तरुणाची भूमिका स्वतः केली. व्याख्यान ऐकून भारावलेला औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, खोलीतील नट्यांची चित्रे हद्दपार करतो आणि लवकरच किशोरीच्या प्रेमात पडतो. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात केलेल्या गीतदृश्याने त्या काळी मोठी खळबळ उडाली. त्या गाजावाजात कथेतील ढोंगावरचा उपहास काहीसा झाकोळला गेला, हे खरे.

'ब्रँडीची बाटली' (१९३९) मध्ये दामूअण्णा मालवणकर यांनी रंगवलेला बगाराम हा भोळा कारकून ब्रँडीच्या शोधात भटकतो. ब्रँडी म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नसते, आणि एवढ्याशा धाग्यावर सारे चित्र उभे राहते. नवयुग चित्रपट संस्थेसाठी विनायकांनी चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ 'लग्न पहावे करून' (१९४०) व 'सरकारी पाहुणे' (१९४२) यांतून पडद्यावर आणले. दामूअण्णांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोग यांचा गुंड्याभाऊ ही जोडी अतिशय लोकप्रिय झाली.

== प्रफुल्ल पिक्चर्स व अखेर ==
१९४३ मध्ये त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. 'माझे बाळ' व 'चिमुकला संसार' ही तिची आरंभीची चित्रे होत. १९४२ साली दीनानाथ मंगेशकर निवर्तल्यावर त्यांच्या कुटुंबाला विनायकांनी आधार दिला. त्यांच्याच संस्थेत किशोरवयीन लता मंगेशकर लहान भूमिका करीत व गात असत. संस्था मुंबईस हलल्यावर १९४५ साली लताही तेथे आल्या. नूरजहाँ यांची प्रमुख भूमिका असलेल्या 'बडी माँ' (१९४५) या विनायकांच्या हिंदी चित्रपटात लता व आशा या दोघी बहिणी दिसतात.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर चौथ्याच दिवशी, वयाच्या ४१ व्या वर्षी विनायकांचे निधन झाले. अपुरा राहिलेला 'मंदिर' (१९४८) दिनकर पाटील यांनी पूर्ण केला. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी आठ वर्षांची असलेली त्यांची कन्या नंदा याच चित्रपटातून बालकलाकार म्हणून पडद्यावर आली. पुढे ती हिंदी चित्रपटांची नामवंत नायिका झाली.