स्वामी रामानंद तीर्थ : व्रतस्थ शिक्षक



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संतचरित्रांच्या जोडीस आपल्याच प्रांतातील एका थोर शिक्षकाचे चरित्र ठेवणे उचित वाटते. स्वामी रामानंद तीर्थ यांस हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी म्हणून सर्व मराठवाडा ओळखतो; परंतु त्यापूर्वी ते शाळेचे मुख्याध्यापक होते, याचे स्मरण पुष्कळांस राहत नाही.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेतच आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा त्यांनी निश्चय केला. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून ते एम. ए. झाले व कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली राहिले. दुर्धर आजाराने ते कार्य सुटले, आणि १९२९ साली ते हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत आले.

त्या काळी निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू असे. खासगी शाळांवर व सभांवर सरकारची करडी नजर असे. अशा स्थितीत मातृभाषेतून मुलांस आपला देश व आपला समाज यांची ओळख करून देणे हे धाडसाचेच कार्य होते. हिप्परगा येथे असतानाच त्यांनी संन्यास घेतला; मात्र संन्यास घेऊनही वर्ग सोडला नाही. पुढे १९३५ साली बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईस आले व योगेश्वरी विद्यालय त्यांनी नावारूपास आणले.

नागरिकांची कर्तव्ये शिकविणाऱ्या गुरूने स्वतः ती पाळावी की नाही, हा प्रश्न १९३८ साली त्यांच्यापुढे उभा राहिला. शाळा प्राणाहून प्रिय होती; तथापि ती सोडून ते सत्याग्रहात उतरले व कारागृहात गेले. १९४७-४८ साली पुन्हा कारावास आला. त्या काळात आपल्या हदगावच्या सीमेवरील पैनगंगेपलीकडे, उमरखेडच्या बाजूस, त्यांच्या अनुयायांनी लढ्याचे ठाणे मांडले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली.

विजयानंतर ते लोकसभेत गेले, तरी शिक्षकाचा पिंड पालटला नाही. १९५० साली नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले, ते त्यांच्याच प्रेरणेने. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९९४ साली स्थापन झालेले नांदेडचे विद्यापीठ त्यांचेच नाव धारण करते.

स्वामीजी आपल्या धर्माचे नव्हते. परंतु ब्रह्मचर्य व दारिद्र्य ही व्रते आपल्या धर्मगुरूंस व धर्मभगिनींस परकी नाहीत. मुलांस पुस्तकातून जेवढे कळते, त्याहून अधिक गुरूच्या व आईबापांच्या आचरणातून कळते, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय. आपल्या घरांतून व शाळांतून असे शिक्षक निपजावेत, ही परमेश्वरचरणी प्रार्थना.