लाटांचा जाणकार

मार्वेहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की आपण मनोरीला पोहोचतो. मनोरीचे कोळी होडी समुद्रात नेण्याआधी भरती, वारा आणि लाटा पाहतात. पाण्यात कुठून उतरावे आणि कुठून उतरू नये, हे त्यांना लहानपणापासून शिकावे लागते. असेच शिक्षण हजारो मैल दूर, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर एका मुलाला मिळाले. त्याचे नाव ड्यूक कहानामोकू.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. त्यांचे वडील पोलीस खात्यात होते. ड्यूक यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. पण घराजवळचा वाइकीकीचा किनारा हीच त्यांची दुसरी शाळा झाली.

हवाईचे लोक फार पूर्वीपासून लाकडी फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येत. या खेळाला सर्फिंग म्हणतात. त्यासाठी प्रत्येक किनारा चालत नाही. तळ एकदम उथळ झाला, तर लाट धाडकन कोसळते. तळ हळूहळू चढत गेला, तर लाट सावकाश फुटते आणि दूरवर नेते. वाइकीकीच्या समुद्रात प्रवाळाचे खडक आहेत आणि तळाचा उतार सौम्य आहे. म्हणून तेथे लांबवर धावणाऱ्या लाटा मिळतात. ऋतूही पाहावा लागतो. त्याच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात प्रचंड लाटा येतात, तर दक्षिणेकडच्या वाइकीकीला उन्हाळ्यात चांगल्या लाटा येतात. ड्यूक हे सारे पाण्यात राहून शिकले. त्यांची फळी सोळा फूट लांब होती आणि तिचे वजन पन्नास किलोंहून अधिक होते.

ते उत्तम पोहणारेही होते. १९११ साली होनोलुलूच्या बंदरात ते इतक्या वेगाने पोहले, की अमेरिकेतील अधिकाऱ्यांनी तो विक्रम मान्यच केला नाही. ड्यूक वाद घालत बसले नाहीत. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. १९२० साली अँटवर्प येथे हेच यश त्यांनी पुन्हा मिळवले.

१९१४ साली ते ऑस्ट्रेलियाला गेले. तेथे त्यांच्याजवळ फळी नव्हती. त्यांनी पाइनचे लाकूड मिळवून स्वतः फळी तयार केली. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर ते तिच्यावर उभे राहिले, तेव्हा लोक थक्क झाले. किनारा नवा होता, लाटा परक्या होत्या. पण पाणी ओळखण्याची विद्या तीच होती.

या विद्येची खरी परीक्षा १४ जून १९२५ रोजी झाली. कॅलिफोर्नियात कोरोना डेल मार येथे बंदराच्या तोंडाशी मोठमोठ्या लाटा फुटत होत्या. थेल्मा नावाची बोट त्या लाटांत सापडून उलटली. बोटीवर २९ माणसे होती. ड्यूक किनाऱ्यावरच होते. ते फळी घेऊन त्या खवळलेल्या पाण्यात शिरले. तीन फेऱ्यांत त्यांनी आठ जणांना बाहेर काढले. त्यांच्या सोबत्यांनी आणखी चौघांना वाचवले. सतरा माणसे मात्र बुडाली. खेळाची फळी जीवही वाचवू शकते, हे त्या दिवशी जीवरक्षकांना पटले.

पुढे ड्यूक अनेक वर्षे होनोलुलूचे शेरीफ होते. २२ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वाइकीकीच्या समुद्रातच विसर्जित करण्यात आल्या.

मुलांनो, समुद्राकाठी गेलात तर ड्यूक यांची आठवण ठेवा. ते शूर होते, पण बेफिकीर नव्हते. आधी पाणी पाहावे, जाणत्या कोळ्याला विचारावे आणि तो नको म्हणाला तर मुकाट्याने मागे फिरावे. यात कमीपणा नाही. हिंमतीला जाणतेपणाची जोड असेल, तरच ती आपल्या आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

स्वाध्याय
१. वाइकीकीच्या लाटा दूरवर का धावतात?
२. १९११ साली विक्रम मान्य झाला नाही, तेव्हा ड्यूक यांनी काय केले?
३. ड्यूक शूर होते, पण बेफिकीर नव्हते, असे का म्हटले आहे?