चौंडीच्या पाटलाची लेक, महेश्वरची कचेरी

दरवर्षी ३१ मेला जामखेड तालुक्यातल्या चौंडीला माणसांची रीघ लागते. गावोगावच्या ग्रामपंचायतीत प्रतिमेला हार पडतो, नारळ फुटतो. २०२४ साली तर जिल्ह्याचेच नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंची देवळे आणि घाट सर्वांना ठाऊक आहेत. पण बाईंनी कचेरी कशी चालवली, हे तुम्ही आणि विशेषतः गावच्या कारभाऱ्यांनी समजून घ्यावे असे आहे.

१७२५ साली सीनाकाठच्या या गावात माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पाटलाचं घर म्हणजे सारा, बांधाची भांडणं, वाटणीचे तंटे हे सगळं ओसरीवरच. मुलींना कोणी शिकवत नसे त्या काळात त्या लिहा-वाचायला शिकल्या. पुढे मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून नेले.

सुख फार लाभले नाही. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्याने अडवले आणि कारभारात घातले. वसुली, हिशेब, फौजेची रसद, तोफखाना, सगळे त्यांच्याकडे आले. १७६६ साली मल्हारराव गेले, दुसऱ्याच वर्षी मुलगा मालेरावही गेला. तेव्हा जुन्या दिवाणाने दत्तक पुढे करून सत्ता हाती घेण्याचा डाव मांडला आणि राघोबादादांना बोलावले. बाई डगमगल्या नाहीत. फौजेची तयारी केली, राघोबादादांना माघार घ्यावी लागली. माधवराव पेशव्यांनी त्यांचा कारभार मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे दिली आणि बाई महेश्वरला नर्मदेच्या काठी बसून राज्य पाहू लागल्या.

आता त्यांचा दिवस कसा जायचा ते पाहा. बाईंच्या मागे पंचवीसेक वर्षांनी माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी माळव्यात होता. जुन्या लोकांना विचारून त्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पहाटे उठायचे, पूजा, दानधर्म, साधे जेवण. दुपारी कचेरीत बसायचे ते सूर्यास्तापर्यंत. रात्री पुन्हा दोन तास कागद. ज्याची तक्रार असेल त्याने समोर येऊन सांगावी, मधे कोणी नाही! सारा बेताचा ठेवला. गावच्या वतनदारांचे आणि जमीनधारकांचे हक्क मोडले नाहीत. चांगले अधिकारी वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवले, उगाच बदल्या केल्या नाहीत.

सिरोंजच्या एका सधन विधवेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिला मूल नव्हते. दत्तकाला मंजुरी हवी तर मोठी रक्कम दे, नाही तर मालमत्ता जप्त करीन, असा तिथल्या अधिकाऱ्याने दम भरला. बाई मुलाला घेऊन थेट महेश्वरला पोचली. अहिल्याबाईंनी त्या अधिकाऱ्याला घरी बसवले, मुलाला मांडीवर घेतले, दत्तक मंजूर केले आणि नजराणा काही घेतला नाही.

डोंगरातल्या भिल्लांना आधी धाकात घेतले. मग वाटसरूंकडून भिलकवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. बदल्यात पडीक जमीन कसायची आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा, असे ठरवले. उन्हाळ्यात महेश्वरच्या शिवारात चालते औत थांबवून बैलांना पाणी पाजायला त्यांची माणसे फिरत. काशी, सोमनाथपासून बांधलेली देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा यांचा खर्च मुख्यतः खासगीतून झाला. खासगीचा हिशेब वेगळा, दौलतीचा वेगळा.

घरात मात्र एकेक माणूस जात राहिले. नातू गेला, १७९१ साली जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने परोपरीने विनवले, पण ती ऐकेना. इतरांना न्याय देणाऱ्या बाईंना स्वतःच्या लेकीला वाचवता आले नाही. त्या दुःखातूनही त्या कामावर परतल्या आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत काम सोडले नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा आता महिलांच्या आहेत. खुर्चीवर बाई आणि सही दुसऱ्याच्या सांगण्यावरून, असे तुमच्या गावात असेल तर जयंतीचा हार वाया गेला म्हणायचा. आणि आणखी एक करा. गावच्या महसूल दप्तरात वारसनोंदीचे रखडलेले अर्ज किती आहेत ते विचारा. त्यात एखाद्या विधवेचा असेल, तर त्याचा पाठपुरावा आधी करा. तिला हेलपाटे घालायला लावू नका.