महमूदाच्या पदरचा अल्बेरुनी

सोमनाथ फोडणारा गझनीचा महमूद आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्याच्याच पदरी असलेला अबू रैहान अल्बेरुनी मात्र परीक्षेपुरताच लक्षात राहतो, आणि तोही परकीय प्रवासी म्हणून. वस्तुतः तो हौसेने निघालेला प्रवासी नव्हे. इ. स. ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारिझम येथे तो जन्मला. गणित व ज्योतिष हे त्याचे विषय. १०१७ साली महमूदाने ख्वारिझम जिंकले व इतर विद्वानांबरोबर त्यालाही गझनीस नेले.

चाळिशी उलटल्यावर, पंजाब स्वाऱ्यांनी होरपळत असताना, हा मनुष्य संस्कृत शिकू लागला. पदरमोड करून पोथ्या मिळविल्या, दूरदूरचे पंडित गाठले. परक्याला विद्या न देणाऱ्या पंडितांच्या अहंकारावर तो कडक टीका करतो. पण महमूदाने केलेल्या विध्वंसामुळेच हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला, हेही तो स्पष्ट लिहितो. हा ग्रंथ, 'किताब-उल-हिंद', १०३० च्या सुमारास, महमूदाच्या मृत्यूनंतर पुरा झाला हे खरे. तरी गादीवर त्याचाच मुलगा होता.

ऐंशी प्रकरणांच्या या ग्रंथात ईश्वर, कर्म, मोक्ष यांपासून वजने-मापे व ग्रहणांपर्यंत सारे आले आहे. कोकणची राजधानी म्हणून आपल्या ठाण्याचाही उल्लेख आहे! परंतु खरे मोल आहे ते त्याच्या पद्धतीचे. हिंदूंविषयी पूर्वी लिहिणाऱ्या मुसलमान लेखकांनी ऐकीव माहिती एकमेकांची पाहून उतरविली, हे त्याला खटकले. म्हणून गीता, पतंजली, पुराणे यांच्या आधारे हिंदूंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत मांडावयाचे, मध्येच खंडन करावयाचे नाही, असे त्याने ठरविले.

त्याला सर्वधर्मसमभावी म्हणणे मला पटत नाही. तो निष्ठावंत मुसलमान होता आणि दोन्ही धर्मांतील अंतर त्याने कोठेही लपविले नाही. मूर्तिपूजा त्याला मान्य नव्हती. पण ती सामान्य जनांची रीत आहे, ज्ञानी हिंदू एकाच निराकार ईश्वराला मानतात, असे तो सांगतो. आणि पुढे जाऊन आपल्याच धर्मबांधवांपुढे प्रश्न टाकतो. पैगंबराचे किंवा मक्केचे चित्र एखाद्या अडाणी मुसलमानापुढे धरले, तर तोही आनंदाने त्याचे चुंबन घेणार नाही काय? अकराव्या शतकातील गझनीत असे लिहिण्यास केवढी छाती लागली असेल!

विद्येची ही देवघेव एकतर्फीही नव्हती. सांख्य व पातंजल योगावरील ग्रंथ त्याने अरबीत नेले, तर युक्लिड आणि टॉलेमी संस्कृतात आणण्याचे काम हिंदूंसाठी हाती घेतले. मात्र नवे काही हाती पडले की पंडित ते लगेच श्लोकांत बांधतात आणि मग ते कोणालाच धड कळत नाही, अशी त्याची तक्रार होती.