कलाभवनाचे महाराज

रावपुऱ्यातील एका वृद्ध मिस्त्रींकडे माझी १९३८ सालची मोटार दोन वर्षे पडून होती. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मेळावा भरायचा होता; मला घाई झाली होती. कार्बुरेटरचा एक पितळी भाग झिजला होता. हल्लीचा बसवा, असा मी आग्रह धरला. मिस्त्रींनी ऐकले नाही. जुना भाग मोजून तसाच दुसरा त्यांनी लेथवर घडविला. मेळावा हुकला, मी रागावलो. मग कळले, ही विद्या त्यांच्या आजोबांनी कलाभवनातून घरी आणली होती.

राग ओसरला आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण झाले. ११ मार्च १८६३ रोजी नाशिककडील कवळाणे गावी, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा १८७५ साली दत्तक येईपर्यंत निरक्षर होता. १८८१ अखेर राज्याधिकार हाती आले. उशिरा अक्षरे गिरविलेल्या या राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. यंत्रे विलायतेहून विकत येतात, ती दुरुस्त करणारे हात मात्र घरीच तयार करावे लागतात. १८९० साली त्यांनी स्थापिलेल्या कलाभवनाने तेच केले. दादासाहेब फाळकेही तेथलेच विद्यार्थी.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले. १९४९ साली संस्थानही विलीन झाले. परवा माझी मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली. मिस्त्रींना मी वाकून नमस्कार केला. त्यातला अर्धा महाराजांना होता.